पाचव्या पिशवीची भरड

चिमणीने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. पाळणाघराच्या मावशींनी चमचा तिच्या ओठांशी नेला, मागे घेतला, त्याचं विमान केलं, कावळा केला. चिमणीने मान वळवून भिंतीवरच्या खिळ्याकडे डोळे लावले. "रोजचंच आहे हो ताई हिचं. तुम्ही निघा. आई दिसली की लेकरं जास्तच लाडात येतात," मावशी म्हणाल्या. पण चिमणीच्या आईचा पाय निघेना. सकाळी अंघोळ घालताना लेकीच्या बरगड्या तिच्या बोटांना लागल्या होत्या. वजनाचा काटा कधीपासून एकाच जागी अडून बसला होता, आणि निघताना सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या होत्या, "तू तिच्या तोंडाकडे टक लावून बसतेस ना, म्हणून घास उतरत नाही घशाखाली." म्हणून ती खाली बसली, लेकीच्या डोळ्यांत डोळे घातले आणि स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडून म्हणाली, "आऽऽ." सगळ्या आया करतात तसं. चिमणी तिच्या तोंडाच्या आत बघत राहिली, तिथे काहीतरी हरवलंय आणि ते शोधायचंय अशा नजरेने, आणि मग तिचे ओठ आपोआप विलग झाले. चमचा आत गेला. मावशींनी टाळी वाजवली. नेमकं तेव्हाच, लेकीच्या डोक्यावरून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. मक्याच्या पिठाचं पोतं, मुलांच्या लापशीचं. अर्धं रिकामं, तोंड बाहेरच्या बाजूला दुमडलेलं. त्या तोंडाशी टिपेचा उसवलेला दोरा लोंबत होता. एक धागा हिरवा, एक पांढरा, एकमेकांना पीळ घातलेले.

रस्त्यावर आल्यावरही तो दोरा डोळ्यांपुढून हलेना. असे दोरे ती गेला आठवडाभर कात्रीने कापत होती. प्रयोगशाळेत येणाऱ्या पिशव्यांवर गिरणीचं नाव नसतं, नुसते आकडे असतात. कोणतं धान्य कोणाचं हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण पिशवी शिवणाऱ्याला कोण सांगणार? त्याच्या मशीनवर जी रिळं चढलेली तीच पोत्याला, तीच नमुन्याच्या पिशवीला. मक्याच्या आठ पिशव्या आल्या होत्या, आठांची तोंडं त्याच दुरंगी दोऱ्याने शिवलेली. हिरवा-पांढरा दोरा जगात एकच गिरणी वापरते असं थोडंच आहे, ती स्वतःशी म्हणाली. शिवाय पाळणाघरातलं पीठ कधीचं, पिशव्यांतला मका कधीचा. चौकातला दिवा हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडू लागली आणि ती उभीच राहिली. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं, "चला की, स्वप्नात आहात काय?" ती चालू लागली. जिभेवर तिला उगाच पिठाची चव आली. तिने तर चमचा चाखलाही नव्हता. नुसतं तोंड उघडलं होतं.

पिशव्या पाठवणाऱ्या त्या गिरणीचा प्रश्न सरळ होता. मका आत घेताना फाटकावरच नुसत्या तपासणीच्या कागदी पट्टीने तपासला तर चालेल का, की दर वेळी प्रयोगशाळेकडे धावायला हवं? दाण्यात बुरशी धरते, बुरशी विष सोडते, पुढे बुरशी वाळून झडून जाते आणि विष मागे राहतं. रंग नाही, वास नाही, उकळलं तरी पुरतं जात नाही. ते विष तीन तऱ्हांनी हुडकायचं आणि तिन्हींची उत्तरं शेजारी शेजारी मांडून बघायची, एवढंच काम. पट्टी स्वस्त आणि झटपट. कप्प्यांच्या थाळीला अर्धा दिवस लागे. ती बाजू एक गोल चेहऱ्याची, सदा हसतमुख मैत्रीण सांभाळायची, सगळे तिला थाळीवालीच म्हणत. आणि मोठं यंत्र, खोली थंडगार ठेवून, लहान मुलाला जपावं तसं जपायचं, ते हिच्याकडे. यंत्र समजायला सोपं होतं. विष असलं की कागदावर डोंगर काढून दाखवायचं, जेवढं विष तेवढा डोंगर उंच. पट्टी आणि थाळी मात्र उलट्या काळजाच्या. थाळीत विष असलं की कप्प्यातला पिवळा रंग फिका पडतो. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर धान्य चांगलं. दुसरी रेघ उमटलीच नाही, तिथली जागा कोरी राहिली, तर विष. नोकरीच्या पहिल्या दिवसांत हे तिच्या अंगवळणी पडता पडत नव्हतं. आणि चिमणीच्या वेळी न्हाणीघरात दार लावून ती अशाच एका पट्टीकडे बघत बसली होती, दुसरी रेघ पुसट, आहे की नाही कळेना, आणि नवरा बाहेरून दार ठोठावत होता, "अगं सांग की, पास की नापास?" त्या रेघेचा अर्थ होता, कुणीतरी आहे. इथल्या रेघेचा अर्थ, कुणी नाही. तेव्हापासून पट्टी हातात घेतली की डोळे एक वाचत आणि पोट दुसरं.

आठांपैकी सात पिशव्यांचं तिन्हींकडून गुण्यागोविंदाने जुळलं होतं. पाचवी आडवी आली. पट्टी म्हणाली चांगली, थाळी म्हणाली चांगली, आणि यंत्राने एवढा मोठा डोंगर काढला की कागदाची वरची कड कमी पडली. तिने त्याच बाटलीतला अर्क पुन्हा यंत्रात घातला. पुन्हा तोच डोंगर. "तुझं यंत्र आणि तू, दोघींना एकदमच रजा द्यायला हवी," थाळीवाली म्हणाली. "दोघींनाही साध्यात चैन पडत नाही." ती हसली. हसायची सवय झाली होती. मॅडम त्यांच्या काचेच्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "दोघांचं मत एक, एकाचं वेगळं," मॅडम म्हणाल्या. "घरात काय करतो आपण? बाटली नीट धुतली नसेल कुणीतरी. पाचवी वगळ. सातावर लिहून टाक, पट्टी पुरेशी आहे म्हणून. गिरणीवाला सकाळपासून दोनदा विचारून गेला." मग तिचा चेहरा बघून, जरा मऊ आवाजात, "अगं पोरी, शितावरून भाताची परीक्षा, आपला सगळा धंदाच तो. एखादं शीत कच्चं लागतं. म्हणून काय भात फेकून देतो आपण?"

तिला म्हणायचं होतं, मॅडम, त्या गिरणीचं पीठ माझी मुलगी खाते. पण हे म्हटलं की मॅडमच्या तोंडावर काय येईल ते तिला दिसलं: अच्छा, असं आहे होय. मग तो डोंगर यंत्राचा राहणार नव्हता, तिचा होणार होता. आणि तिचे डोंगर सगळ्यांना ठाऊक होते. चिमणी झोपेत जरा जोरात श्वास घेत होती म्हणून तिला उचलून दवाखान्यात पळाली, तो डोंगर. गुडघ्यावरचा लाल ठिपका, तो डोंगर. तो तर रंगीत खडूचा निघाला. डॉक्टर म्हणाले होते, "मुलीला काही झालेलं नाही. आईला मात्र झोप हवी." दिराने तर तिचं नावच ठेवलं होतं, दुर्बीण. "वहिनी, जरा आमच्या आमटीत बघून सांगा, मासा आहे की मगर?" सगळी पंगत हसायची, तीही. आणि हसता हसता आत कुठेतरी तिला वाटायचं, खरंच, आपण म्हणजे एक बिघडलेली पट्टी. प्रत्येक वेळी विष दाखवणारी. अशा पट्टीवर कोण विश्वास ठेवेल? आपण तरी ठेवला असता का? लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळे त्या पोराला हसत सांगतात. पण शेवटच्या वेळी लांडगा खरंच आला होता, आणि त्या पोराला तो खरंच दिसला होता, हे कुणी म्हणत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन लावला. तो कुठेतरी गर्दीत होता, पाठीमागे खुर्च्या सरकत होत्या. तिने दोऱ्याचं सांगितलं, पाचव्या पिशवीचं सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला ते सगळं पोकळ वाटू लागलं. तो म्हणाला, "म्हणजे दोन तपासण्या चांगल्या आल्या, आणि तू तिसरी धरून बसलीयस."

"तिसरी सगळ्यात चांगली आहे."

"अगं, मागच्या आठवड्यात दुधाची बाटली वाईट होती. त्याआधी गादी. पाळणाघर बदलायचं का आता? तिथे इतकी मुलं आहेत, सगळी धडधाकट आहेत. कावीळ झालेल्या माणसाला सगळं जगच पिवळं..." तो थांबला. खुर्च्याही थांबल्यासारख्या झाल्या. "तसं नव्हतं म्हणायचं मला," तो म्हणाला. "सहज तोंडातून गेलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि खरंच माहीत होतं. तो मनाने चांगला होता. म्हण तर सगळ्यांचीच होती, हवेत तरंगणारी, कुणाच्याही तोंडात शिरणारी. फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या कठड्याला टेकली. कठडा गार होता. तिच्या आईचे डोळे शेवटी हळदीसारखे झाले होते, नखंसुद्धा. बघायला येणारी माणसं विचारत, रात्री कोण असतं सोबतीला, औषध कुणाचं चालू आहे. काय खाल्लं होतं असं कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर तरी काय सांगणार होती ती, तेव्हा शाळेत जाणारी पोर? सांगितलं असतं की आई दुपारी खिडकीशी सूप घेऊन शेंगदाणे निवडायची. टपोरे एकीकडे, ते मुलांचे. सुरकुतलेले, काळे पडलेले, कडू, ते दुसरीकडे. आणि ते दुसरीकडचे टाकायची नाही. बोलता बोलता एकेक तोंडात टाकायची. "आई, कडू आहेत ना ते?" "असू देत गं. टाकायचं कशाला? आईच्या पोटात दगडसुद्धा विरघळतो." पुढे कॉलेजात एका तासाला सरांनी फळ्यावर बुरशीचं नाव लिहिलं, त्याखाली धान्यांची नावं, शेवटी यकृत, आणि ती वर्गातून उठून बाहेर गेली होती आणि नळाखाली हात धूत राहिली होती. कोणता दाणा? कदाचित एकही नाही. आजार हजार कारणांनी येतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं! एका माणसाच्या मरणाला मागे जाऊन कुठलीच तपासणी लावता येत नाही. पण एक गोष्ट तिला पक्की आठवत होती. आई निवडत होती तेव्हा टपोऱ्यांच्या ढिगात हात घालून ती मूठ भरायची, आणि तिच्या सगळ्या बालपणात तिला कडू दाणा जवळजवळ कधीच लागला नाही. सगळे एकाच माणसाच्या वाट्याला गेले. सूप एकच. मूठ वेगळी.

ती कठड्यावरून सरळ झाली. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका भांड्यात शिजतो. एक पाणी, एक आच, प्रत्येक शिताला तीच. पिशवी म्हणजे काही भांडं नव्हे. पिशवीत एक दाणा सडलेला आणि त्याच्याशेजारचे शंभर निर्मळ असू शकतात, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. आणि त्यांनी काय केलं होतं? नमुने दळायच्या प्रयोगशाळेतल्या चक्कीला बारीक जाळी लावायची असते. ती चोंदते, सारखी साफ करावी लागते, अख्खी पिशवी दळायला दुपार जाते. म्हणून बारीक जाळी खणात पडून, आणि चक्कीला कायमची जाड जाळी. कण्यांची भरड पडायची आणि तिच्यातून ज्याचा तो येऊन आपापला चमचा भरून न्यायचा. एक पट्टीला, एक थाळीला, एक यंत्राला. सगळे तसंच करायचे, तीही तसंच करत आली होती, पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून कधीकधी तर सगळ्यांत घाईने. तिन्ही तपासण्या भांडत नव्हत्याच. तिघींनाही जे वाढलं होतं ते त्यांनी खरं खरं सांगितलं होतं. वाढणाऱ्याचा हात चुकला होता. पट्टीच्या चमच्यात टपोऱ्यांची भरड गेली होती, आणि यंत्राच्या चमच्यात त्या एका सडक्या दाण्याची कणी.

मॅडमनी ऐकून घेतलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला, परत वर गेला. "म्हणजे सातही गेल्या," त्या म्हणाल्या.

"सातांचं नशीब जुळलं असेल. तपासणी झालेली नाही."

"मी गिरणीवाल्याला काय सांगू? आमची जाळी खणात होती म्हणून?" मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाचवी आधी दळ. उरलेली सगळी. आणि हे बघ, काही निघालं नाही तर मला पुन्हा पाचवीचं तोंड दाखवायचं नाही."

तिने चक्कीची जाळी बदलली. नाकातोंडाला कापड, हातात मोजे, कानात घरघर. पाचव्या पिशवीतली भरड ती मूठमूठ आत सोडत होती आणि खालच्या डब्यात पीठ पडत होतं, मऊ, फिकट, अगदी चिमणीच्या वाटीतलं. जाळी चोंदली की थांबायचं, ब्रश फिरवायचा, पुन्हा सुरू. एका थांब्यात हात फोनकडे गेला. आत्ताच सांगावं मावशींना, दुपारचं देऊ नका म्हणून. पण मावशी विचारतील का, आणि ती म्हणेल दोरा दिसला, आणि मावशी म्हणतील बरं ताई, त्या विशिष्ट स्वरात, ज्या स्वरात डॉक्टर म्हणाले होते, आईला झोप हवी. पाळणाघरातल्या बाकीच्या आयांच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत जाईल. आधी पट्टी. फक्त पट्टी होऊ दे. पट्टीला असा कितीसा वेळ लागतो. एका वाटीने काही होत नाही, हे तिला पुस्तकाच्या पानासकट पाठ होतं. रोजच्या वाटीने होतं. तिने फोन खिशात सारला आणि ब्रश उचलला. पीठ पडत राहिलं. मग ते सगळं मोठ्या परातीत ओतून तिने दोन्ही हातांनी खालीवर केलं, पुन्हा केलं, कणीक मळावी तसं अंग लावून, आणि त्यातून तीन चमचे भरले. थाळीवाली शेजारी येऊन उभी होती. तिने काही विनोद केला नाही. आपला चमचा घेतला आणि गेली.

अर्क हलवून, गाळून तिने थेंब पट्टीवर सोडला. ओल वर चढू लागली, गुलाबी, भिंतीत पाणी चढावं तशी सावकाश. वरची रेघ उमटली. ती नेहमीच उमटते, पट्टी शाबूत आहे एवढंच सांगते. आता खालची. ये, ती म्हणाली. मनात नाही, ओठांनी म्हणाली. ये गं ये. आयुष्यात पहिल्यांदा तिला चुकायचं होतं, पोटभर चुकायचं होतं. दिराला हसू दे, मॅडमना रागावू दे, नवऱ्याला म्हणू दे बघ, मी सांगितलं नव्हतं का. रेघ पुसट का होईना, यायला हवी होती. ओल पट्टीच्या टोकाशी जाऊन थांबली. पट्टी वाळू लागली. तिने ती उजेडाशी धरली, तिरकी केली, डोळ्यांशी नेली. न्हाणीघरातल्या त्या दिवशी जशी केली होती अगदी तशी. जागा कोरी होती.

फोन मावशींनीच उचलला. पाठीमागे मुलांचा कलकलाट, कुणीतरी डबा बडवत होतं. "अगंबाई ताई, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ता तुमचंच नाव काढलं. आनंदाची बातमी आहे. तुमच्या बाईसाहेबांनी आज वाटी चाटूनपुसून संपवली. खोटं नाही सांगत, वर आणखी मागितली. आणि कशी मागितली विचारा ना! मी चमचा भरायच्या आधीच, सकाळी तुम्ही केलंत ना, अगदी तस्सं, एवढं मोठं तोंड उघडून, आऽऽ! आता ती बाकीच्यांनाही शिकवतेय. सगळी रांगेने बसलीत बघा, आऽऽ करून. ऐका, ऐकवते तुम्हाला."

मावशींनी फोन मुलांकडे धरला असावा. आधी हसण्याचा गोंधळ आला, मग एक आवाज, मग त्याला जोडून दुसरे, लहान लहान, उघडे. ती पट्टी चिमटीत धरून उभी होती. तिचंही तोंड उघडलं होतं.

"ऐकलंत ना?" मावशी परत आल्या. "ताई? आहात ना?"

"मावशी," ती म्हणाली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही. "चमचा खाली ठेवा. सगळ्यांचाच. मी का ते सांगते."